यंत्रमाग, ग्राइंडिंग आणि कठीण खेळाची गोडी

कठीण व्हिडिओ गेममध्ये एकच कृती पुन्हा पुन्हा करून अनुभवगुण, नाणी किंवा हत्यारे गोळा करण्याला खेळणारे ग्राइंडिंग म्हणतात. एखादा बलाढ्य शत्रू हटत नाही, म्हणून मागे फिरायचे, त्याच रानातले तेच किरकोळ शत्रू तासन्‌तास मारायचे, आपल्या पात्राची पातळी वाढवायची आणि मग पुन्हा त्या शत्रूसमोर उभे राहायचे, हे त्याचे नेहमीचे रूप. या पुनरावृत्तीने खेळाची गोडी वाढते की मरते, यावरून खेळणाऱ्यांत दोन तट पडलेले असतात. दोन्ही तटांचा अनुभव खरा असतो. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या पुनरावृत्तीचे आतून दोन प्रकार आहेत. एका प्रकारात प्रत्येक फेरीनंतर करणाऱ्याचा हात आणि नजर थोडी बदलते. दुसऱ्यात नुसता आकडा बदलतो.

भिवंडीत हा फरक खेळापेक्षा कामात आधी दिसतो. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या विणकरांनी इथला हातमागाचा धंदा वाढवला, विसाव्या शतकात त्याची जागा यंत्रमागाने घेतली आणि १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतले बरेच विणकाम इकडे सरकले. शांतीनगर, पद्मानगर, नारपोली अशा वस्त्यांतले माग आणि नाशिक महामार्गाच्या आजूबाजूला माणकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर या गावांत पसरलेली गोदामे यांवर शहराचे पोट चालते. दोन्हीकडचे काम एकाच हालचालीच्या हजारो आवर्तनांचे आहे. तेच काम करणारे तरुण पाळी सुटल्यावर खोलीवर येऊन मोबाइलवर पुन्हा आवर्तनांचाच खेळ खेळतात, तेव्हा दोन पुनरावृत्ती एकाच माणसाच्या एकाच दिवसात शेजारी येतात.

साध्या मागावरचे काम वरवर पाहणाऱ्याला यंत्राचेच वाटते. ताण्याचे धागे वर-खाली होतात, मधून धोटा सटकतो, फणी बाण्याचा धागा ठोकते आणि कापड कणाकणाने पुढे सरकते. हे मिनिटाला शंभराहून अधिक वेळा घडते. माणसाकडे उरतात अडथळे. धोट्यातली कांडी काही मिनिटांत संपते. माग थांबवून रिकामी कांडी काढायची, भरलेली बसवायची, धागा धोट्याच्या डोळ्यातून ओढायचा आणि माग सुरू करायचा. ताण्याची तार तुटली तर हजारो तारांतून नेमकी ती शोधायची, गाठ मारायची, मागाच्या वहीच्या डोळ्यातून आणि फणीच्या घरातून ओवून घ्यायची. साध्या मागाला तुटलेली तार आपणहून कळत नाही. ती माणसाच्या नजरेलाच कळावी लागते. उशीर झाला की कापडात दोष राहतो आणि तो मजुरीतून कापला जाण्याची भीती असते. असे चार, सहा, कधी आठ माग एका कामगाराच्या हाताखाली असतात आणि पाळी बारा तासांची असते.

नव्या मुलाला सुरुवातीला एकच माग जड जातो. गाठ सुटते, तार चुकीच्या घरातून जाते, एका मागावर वाकले की दुसऱ्याची कांडी संपून तो उभा राहतो. पहिल्या महिन्यांत त्याच कृतीची प्रत्येक फेरी वेगळी असते, कारण प्रत्येक वेळी काहीतरी चुकते आणि काय चुकले ते समोर कापडावर लगेच दिसते. हळूहळू बोटे न बघता गाठ मारू लागतात. मागांच्या खडखडाटात माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, पण एखाद्या मागाचा ठोका बिघडला तर तो कानाला वेगळा लागतो. कोणत्या मागाची कांडी कधी संपणार याचा अंदाज बसतो आणि फेरी मारण्याचा क्रम पायांना पाठ होतो. कंटाळा या काळात फारसा नसतो. थकवा आणि भीती मात्र पुरेपूर असते.

हात बसला की काम बदलते. आता शंभरावी गाठ नव्व्याण्णवाव्या गाठीपेक्षा काही शिकवत नाही. मजुरी कापडाच्या मीटरवर मोजली जात असल्याने वाढणारी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे मीटर. याच टप्प्यावर जुने कामगार कामातून स्वतःसाठी खेळ उभा करतात. आपल्या हाताखालचे सगळे माग एकही न थांबता किती वेळ चालले, शेजारच्या ओळीपेक्षा ताका आधी उतरला का, खराब सुताचे बीम लागूनही कालच्याइतके मीटर निघाले का, अशा पैजा मनातल्या मनात लागतात. त्यातून मिळणारे जादा पैसे थोडे असतात. वेळ सरणे हा मोठा लाभ असतो.

समाजशास्त्रात या गोष्टीचा नीट अभ्यास झालेला आहे. डोनाल्ड रॉय यांनी १९४४-४५ मध्ये शिकागोजवळच्या एका यंत्रकारखान्यात नगावारी मजुरीवर काम केले. तीस वर्षांनी मायकल बुरावॉय योगायोगाने त्याच कारखान्यात कामाला लागले आणि त्यांचे पुस्तक १९७९ मध्ये आले. ठरलेला कोटा गाठून त्यावर काही टक्के काढायचे, हा तिथल्या कामगारांचा दिवसभराचा खेळ होता. मात्र ते १४० टक्क्यांच्या वर सहसा जात नसत. त्याहून जास्त काढले तर मालक दर कमी करील, ही धास्ती असे. बुरावॉय यांचा निष्कर्ष दुधारी आहे: या खेळाने काम सुसह्य होते, आणि सुसह्य झाल्यामुळेच कामाचे नियम कोणी ठरवले हा प्रश्न मागे पडतो. त्यांच्या निरीक्षणातून खेळाची एक अटही कळते. कोटा सहज गाठता येत असेल तर खेळ रंगत नाही आणि कितीही केले तरी गाठता येत नसेल तर माणूस खेळ सोडून देतो. मधल्या अनिश्चित पट्ट्यातच तो जिवंत राहतो.

मिहाय चिक्सेंटमिहाय यांच्या लेखनात याच पट्ट्याचे मानसशास्त्र आहे. आव्हान आणि कसब तोलामोलाचे असतात तेव्हा माणूस कृतीत बुडून जातो. आव्हान कमी पडले तर कंटाळा येतो, जास्त झाले तर धास्ती बसते. त्यांच्या १९९० च्या पुस्तकात जुळणी-पट्ट्यावरच्या एका कामगाराचे उदाहरण आहे. ४३ सेकंदांचे एकच काम तो दिवसातून सुमारे सहाशे वेळा करत असे. पाच वर्षे हालचालींची काटछाट करत त्याने दिवसभराची सरासरी २८ सेकंदांवर आणली होती आणि त्याला त्या कामाचा उबग आला नव्हता. काम तेच होते, पण प्रत्येक फेरीकडून त्याला नवे काही काढून घ्यायचे होते.

व्हिडिओ गेममध्ये ग्राइंडिंग शिरले ते कंटाळा आणण्यासाठी नव्हे. १९८१ च्या ‘विझार्ड्री’सारख्या संगणकी खेळांत पात्राची ताकद आकड्यांत मोजली जाई आणि लढाईगणिक वाढे. १९८६ मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने ही रचना घराघरांत नेली. त्यात पात्र मेले तर अर्धी नाणी जातात, पण मिळवलेला अनुभव शिल्लक राहतो. म्हणजे हरणाराही प्रत्येक फेरीला थोडा बलवान होत जातो. बोटांची चपळाई नसलेल्या माणसाला चिकाटीच्या जोरावर शेवट गाठता यावा, अशी सोय या रचनेत आहे. अडचण कुठे, किती कमी करायची हे खेळणारा स्वतः ठरवतो. या अर्थाने ग्राइंडिंग हा कठीण खेळातल्या जिन्याचा कठडा आहे. हवे त्याने धरावे.

गोडीवर त्याचा परिणाम कसा होतो, हे फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीच्या खेळांत स्पष्ट दिसते. हिदेताका मियाझाकी यांनी दिग्दर्शित केलेल्या २०११ च्या ‘डार्क सोल्स’मध्ये पात्र मेले की जमवलेले ‘आत्मे’ त्या जागी पडून राहतात. पुन्हा तिथवर पोचले तर परत मिळतात, वाटेत मरण आले तर कायमचे जातात. विसाव्याच्या शेकोटीपाशी बसले की वाटेतले बहुतेक शत्रू पुन्हा उठतात. त्यामुळे तोच रस्ता दहा-वीस वेळा कापावा लागतो. पहिल्या खेपेला ज्या वळणावर जीव जातो, तिथून नंतरच्या खेपेला माणूस न थांबता पुढे जातो. इथे पात्राची पातळी तीच असू शकते. वाढलेली असते ती खेळणाऱ्याची जाण. हा मागावरचा पहिला महिना आहे.

याच खेळात दुसरी वाटही मोकळी असते. सोप्या जागी थांबून आत्मे गोळा करत राहायचे, पातळी वाढवायची आणि मग बलाढ्य शत्रूला चार फटक्यांत लोळवायचे. अडून पडलेल्याला त्याने मार्ग मिळतो. पण गरजेपेक्षा जास्त पातळी घेऊन गेलेल्याला एक विचित्र निराशा येते: ज्या लढाईसाठी एवढी तयारी केली ती लढाईच होत नाही. शत्रूच्या चाली शिकायच्या आधीच तो संपतो. २०२२ च्या ‘एल्डन रिंग’मध्ये मोकळ्या भूप्रदेशामुळे हा प्रकार सहज घडतो, कारण इकडेतिकडे भटकतानाही पात्र बलवान होत राहते. २०१९ च्या ‘सेकिरो’त ही वाट बरीचशी बंद आहे. तिथे हल्ल्याची ताकद मुख्यतः मोठे शत्रू हरवल्यावरच वाढते, किरकोळ शत्रू मारून नाही. परिणामी त्या खेळात अडलेला माणूस एक तर शिकतो किंवा खेळ सोडतो. जे टिकतात त्यांच्या समाधानात आकड्यांचा वाटा फार थोडा असतो. जे सोडतात त्यांच्यासाठी कठडाच नव्हता.

पुनरावृत्ती सुसह्य होण्यात दोन चुकांमधल्या अंतराचाही मोठा हात असतो. २०१० च्या ‘सुपर मीट बॉय’मध्ये मरण आणि पुढचा प्रयत्न यांत क्षणाचाही वेळ जात नाही. पातळी पार झाली की आधीचे सगळे फसलेले प्रयत्न एकदम पडद्यावर धावताना दिसतात. कोण कुठे अडला आणि शेवटी कोणता एक पार झाला हे डोळ्यांपुढे मांडले जाते. शेकडो अपयशांचा तिथे शीण येत नाही. उलट लढाई दोन मिनिटांची आणि तिथवर पोचायला दहा मिनिटांची पायपीट असेल, तर शिकण्याचा भाग थोडा आणि वाटेतला रेटा जास्त होतो. मागावरही हेच आहे. कामगाराला गाठ मारण्याचा त्रास नसतो. खराब सुतामुळे दर पाच मिनिटांनी तीच गाठ मारावी लागते तेव्हा तो वैतागतो, कारण त्या चुकीतून त्याने शिकावे असे काहीच नसते. चूक त्याची नसतेच.

ग्राइंडिंग गोडी मारते ते बहुधा तीन परिस्थितींत. पहिली म्हणजे नमुना संपणे. राफ कोस्टर या खेळरचनाकाराच्या मते खेळातली मजा म्हणजे मेंदूने नमुना ओळखण्याची मजा; नमुना पुरता कळला की मजा संपते. रचनाकाराकडे नवा नमुना नसला की तो जुन्याचेच आकडे वाढवतो: दहा लांडग्यांऐवजी शंभर लांडगे. दुसरी परिस्थिती म्हणजे प्रयत्न आणि फळ यांची फारकत. हत्यार मिळणे निव्वळ नशिबावर असेल, तर माणूस खेळतो खरा, पण त्याला धरून ठेवते ते अनिश्चित बक्षीस. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये दाखवले होते की कधी मिळेल ते ठाऊक नसलेल्या बक्षिसासाठी प्राणी न थकता तीच कृती करत राहतात. खेळत राहणे आणि गोडी लागणे या दोन गोष्टी इथे वेगळ्या होतात. खेळणाऱ्याला विचारले तर तो कंटाळल्याचे सांगतो आणि बोट मात्र थांबत नाही.

तिसरी परिस्थिती म्हणजे मेहनतीला किंमत लावली जाणे. २०१२ मध्ये ‘डायब्लो ३’ या खेळात हत्यारांच्या खरेदीविक्रीसाठी खऱ्या पैशांचा लिलावबाजार उघडला. राक्षस मारून हत्यार मिळवणे हा ज्या खेळाचा गाभा, तिथे तेच हत्यार बाजारात तयार मिळू लागले. कंपनीनेच मार्च २०१४ मध्ये तो बाजार बंद केला. २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’मध्ये एक मोठे पात्र मिळवायला ६०,००० नाणी लागत, तेवढे खेळावे किंवा पैसे टाकून वाट जवळ करावी, अशी रचना दिसताच खेळणारे भडकले आणि किंमत ७५ टक्क्यांनी उतरवावी लागली. एरवी तेवढेच तास आनंदाने घालवणाऱ्यांनाही आपला वेळ मुद्दाम खर्ची घातला जातो आहे असे वाटले. कारखान्यात मीटरचा दर कमी झाल्यावर तोच माग, तेच कापड आणि तीच पाळी अचानक जड होते, ते याच कारणाने.

कधीकधी तर केवळ मांडणीने अनुभव पालटतो. २००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या चाचणीत फार वेळ सलग खेळणाऱ्याचा अनुभव निम्म्या वेगाने वाढे, खेळणाऱ्यांना ती शिक्षा वाटली. रचनाकारांनी हिशेब उलटा मांडला. विश्रांती घेऊन आलेल्याला दुप्पट अनुभव, नंतर नेहमीचा. प्रमाण तेच राहिले, तक्रार थांबली. दंड आणि बक्षीस यांतला हा फरक मजुरीच्या हिशेबातही असतो: दोषासाठी कापलेले पैसे आणि निर्दोष ताक्यासाठी दिलेला बोनस, आकडा एकच असला तरी कामगाराला सारखे वाटत नाहीत.

२०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि हे सगळे भिवंडीतल्या खोल्यांपर्यंत पोचले. २०१८ मध्ये आलेला ‘पबजी मोबाइल’ आणि २०२१ पासूनचा ‘बीजीएमआय’ हे खेळ इथे महागडी यंत्रसामग्री न घेता खेळता येतात. त्यांत ब्राँझपासून काँकररपर्यंत पायऱ्या असतात आणि नवा हंगाम सुरू झाला की पायरी खाली घसरते. वर चढण्याच्या या खटपटीला मुले ‘रँक पुश’ म्हणतात. गुण जसे शत्रू टिपल्याबद्दल मिळतात तसे शेवटपर्यंत टिकल्याबद्दलही मिळतात. त्यामुळे रँकच्या मागे लागलेला खेळाडू चकमक टाळतो, एखाद्या घरात दडून बसतो आणि सुरक्षित जागेचे मंडळ लहान होण्याची वाट पाहतो. पायरी चढते, ज्या चकमकीसाठी खेळ उघडला ती राहून जाते. तेच मित्र रँक बाजूला ठेवून नुसते खेळायला बसतात, तेव्हा दहा वेळा मरतात आणि दहा वेळा हसतात.

या खेळाच्या बंदीने एक निराळी कसोटीही घेतली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली आणि खेळणाऱ्यांच्या पायऱ्या, पोशाख, रंगवलेली हत्यारे यांना एकदम कुलूप लागले. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला तेव्हा जुन्या खात्यातल्या अनेक वस्तू परत आणण्याची सोय झाली. पण ज्यांनी ती घेतली नाही किंवा ज्यांचे खाते हरवले, त्यांचाही नेम आणि नकाशाची ओळख थोड्या सरावाने परतली. २०२० च्या टाळेबंदीत गावी गेलेले माग-कामगारही काही महिन्यांनी परत आले. त्यांचा हप्ता बुडाला होता, गाठ मारण्याची सवय बुडाली नव्हती. आकड्यात साठवलेली मेहनत दुसऱ्याच्या वहीत असते आणि तिच्यावर मालकी दुसऱ्याची असते. हातात साठवलेली मेहनत माणूस सोबत नेतो.

बारा तास तेच काम करून आलेला माणूस पुन्हा पुनरावृत्तीच का निवडतो, हे कोडे दोन गोष्टींनी थोडे सुटते. दमलेल्या डोक्याला नवा नमुना नको असतो. ओळखीच्या जागेतले ओळखीचे शत्रू मारणे हा त्याचा विसावा असतो. शिवाय खेळातला निर्णय त्याचा स्वतःचा असतो. कधी थांबायचे, किती जमवायचे, हरले तर काय, हे मुकादम ठरवत नाही. बर्नार्ड स्यूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ मध्ये खेळाची व्याख्या अनावश्यक अडथळे पार करण्याचा स्वेच्छेने केलेला प्रयत्न अशी केली. मागावरचे अडथळे आवश्यक आहेत आणि तिथली स्वेच्छा बेताची आहे. खोलीवरच्या खेळात दोन्ही गोष्टी उलट असतात, म्हणून हालचाल तितकीच एकसुरी असूनही ती ओझे होत नाही.

स्वेच्छा काढून घेतली तर खेळाचे कपडे घातलेले कामही कामच राहते. गोदामात माल उचलणाऱ्या पिकरच्या हातातला स्कॅनर कुठल्या फळीवर जायचे ते सांगतो आणि तासाला किती नग झाले ते मोजतो. दिवाळीच्या विक्रीत हा वेग आणखी चढतो. अमेरिकेत ॲमेझॉनच्या काही गोदामांत अशा गणतीला पडद्यावरच्या शर्यतींचे आणि किल्ले बांधण्याचे रूप दिल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या होत्या. वस्तू जितक्या वेगाने उचलाल तितकी गाडी पुढे. थोडा वेळ अशा गोष्टीने कंटाळा हटतो. पण वेग वाढवल्याने कामगाराचे कसब वाढत नसेल आणि वाढलेला वेगच उद्याचा कोटा ठरणार असेल, तर तो शिकागोच्या कामगारांसारखाच हिशेब करतो आणि गाडी जपून हाकतो.

शरीराचाही यात वाटा असतो. बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबण्याच्या २००२ मधल्या एका प्रयोगात एका रात्रीच्या झोपेनंतर वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला आढळला, झोप न घेता तेवढाच वेळ गेलेल्यांचा तसा वाढला नाही. म्हणजे हालचालींचे शिक्षण आवर्तनांच्या मधल्या विश्रांतीतही चालू असते. कठीण शत्रूपुढे मध्यरात्रीपर्यंत हरलेला खेळाडू सकाळी दुसऱ्याच प्रयत्नात जिंकतो, तो काही अंशी यामुळे. रात्रपाळीच्या माणसाला हीच झोप तुटक मिळते. तेव्हा पाळीनंतर आणखी चार तास रेटून खेळणारा आकडा वाढवतो, पण त्याचा हात तितका सुधारत नाही. सलग ग्राइंडिंगचा कंटाळा हा पुष्कळदा थकव्याचाच दुसरा चेहरा असतो.

एखाद्या खेळातली पुनरावृत्ती गोडी देईल की नाही, हे चार गोष्टींवरून बरेचसे ओळखता येते. फेरीनंतर खेळणाऱ्याला आधी न जमलेले काही जमते का. हरल्याचे कारण त्याला दिसते का आणि ते त्याच्या हातातले आहे का. पुढचा प्रयत्न लगेच करता येतो का. आणि थांबण्याचा हक्क त्याच्याकडे आहे का. पहिल्या तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर शेकडो फेऱ्याही खपतात. ती नकारार्थी असूनही चौथे होकारार्थी असेल तर ग्राइंडिंग विसावा ठरते, आव्हान नव्हे, आणि त्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी. चौथेही नसेल तर पडदा असो वा माग, उरते ती फक्त मजुरी, आणि तिचा न्याय गोडीने होत नाही, दराने होतो.